निळ्या घागरी आणि गौराक्काचं नाक

गौराक्का,

परवा तुला मातीत बसवून आलो. तुम्हा लिंगायतांत निजवत नाहीत, बसवतात, हे ऐकून होतो. डोळ्यांनी बघितलं ते परवाच. तू बसलीस तीसुद्धा शेडमध्ये बसायचीस तशीच, पाठ ताठ, मान किंचित डावीकडं. मला वाटलं, आता हात पुढं करणार आणि म्हणणार, "दाखव तम्मा, काय घिऊन आलास." गळ्यात पन्नास हार होते. खरं म्हणजे अकरा, पण मला पन्नास म्हणायची सवय. त्या हारांत मधे मधे सोनेरी पट्टी ओवलेली होती. मी हळूच एक तोडून घेतली आणि बोटांत ताणली. शेजारच्या पावण्यांना वाटलं, गडी आठवण म्हणून घेऊन चाललाय. मी बघत होतो ती पीपीची आहे का पॉलिस्टरची. कळलं नाही. एवढी वर्षं तुझ्या दारात भंगार प्लास्टिकचा टेम्पो रिकामा केला, आणि तुझ्याच गळ्यातल्या पट्टीची जात मला सांगता आली नाही.

माझ्या तोंडून तू आजवर जे ऐकलंस त्यातलं निम्मं खोटं आणि उरलेल्या निम्म्याला फोडणी. ते तुला माहीत होतं आणि तू चवीनं ऐकायचीस. पण एक गोष्ट मी तुला सांगितलीच नाही. निळ्या घागरींची. त्या घागरींवरून तुला वाटलं की तुझं नाक गेलं, आणि ते का गेलं नव्हतं हे फक्त मला माहीत होतं. आज ते सांगायला बसलोय. पण मला कुठल्याच गावाला सरळ जाता येत नाही, वाटेत दोन ठिकाणी चहाला थांबावं लागतं. तेवढं थांब.

तम्मा म्हणजे तुमच्या गडहिंग्लजकडं धाकटा भाऊ. पहिल्या दिवशी मात्र तू मला पावणं म्हणाली होतीस. माझा तीनचाकी टेम्पो नवा, भंगाराच्या धंद्यात मी नवा. सात पोती पाण्याच्या बाटल्या घेऊन तुझ्या शेडसमोर उभा राहिलो आणि छाती काढून म्हणालो, सगळा एकच माल आहे, दुसरं काही निघालं तर मिशी काढतो.

"पावणं, मिशीला आत्ताच न्हाव्याकडं धाडा," तू म्हणालीस.

पोत्यातनं एक बाटली काढलीस. टोपण फिरवून वेगळं केलंस. बाटलीचा एक तुकडा कातरलास. दोन्ही शेजारच्या पाण्याच्या पिंपात टाकलीस. तुकडा सरळ तळाला गेला, टोपण वर तरंगत राहिलं.

"एकाच अंगावरची दोन कापडं, जात येगळी. आता बोला, एकच माल हाय काय?"

मी त्या पिंपात वाकून असा बघत राहिलो, जसं काय आत कुणी देव उठून बसलाय. जन्मभर बाटलीनं पाणी प्यायलो, टोपण लावलं, काढलं. त्यातलं एक बुडतं आणि एक तरंगतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तू सांगितलंस. बुडालं ते पेट. तरंगलं ते एचडी, नाहीतर पीपी. पेटचा कापडाचा धागा होतो, टोपणाचा होत नाही. दोन्ही एकत्र तापवलीस तर दोन्ही वाया. मिशी मी काढली नाही. पण त्या दिवसापासून दुसऱ्या कुणाच्या दारात टेम्पो लावला नाही.

मग तुझी शाळा सुरू झाली. एक पिंप, एक रॉकेलची चिमणी, उजव्या अंगठ्याचं नख आणि नाक, एवढ्यावर चाललेली. दुधाच्या पिशवीचा कपटा ज्योतीवर धरलास की नुकत्याच विझवलेल्या मेणबत्तीचा वास यायचा. "एलडी," तू म्हणायचीस. साखरेच्या पोत्याचा दोरा म्हणजे पीपी. तो हलका, वाकवला तर मोडत नाही, म्हणून डब्याचं झाकण आणि बिजागरी एकाच तुकड्यात निघतात. तांब्याची तार लाल करून पाण्याच्या पाइपाला टेकवायचीस आणि परत ज्योतीत धरायचीस. ज्योत हिरवीगार व्हायची, पोपटाच्या पंखासारखी, आणि नाकात सुई गेल्यासारखं व्हायचं. पीव्हीसी. नायलॉन जळताना केस जळल्यासारखं घाण. कुकरची जुनी मूठ आली तर तिला तू हातभर लांब ठेवायचीस. ती बेकलाइटची, कितीही तापवा, वितळायची नाही. "ही एकदा बसली की बसली, माझ्या सासूवानी," असं म्हणून तू कपाळाला हात लावायचीस, सासूला नमस्कार केला का नशिबाला दोष दिला ते कळू द्यायची नाहीस.

आणि तो बॉलपेनचा तुकडा. तू तो आधी फरशीवर टाकलास. पत्र्याचा तुकडा पडावा तसा टणकन वाजला. मग जाळलास. काजळी उडाली, आणि तिच्या मागनं झेंडूच्या फुलांचा वास आला. दसऱ्याच्या सकाळी दाराला तोरण बांधताना येतो तो. मी शपथेवर सांगतो, आणि माझ्या शपथेला गावात कुणी चहासुद्धा पाजत नाही, पण हे खरं आहे. पॉलिस्टायरिन जळताना झेंडूचा वास येतो. त्या दिवशी मी जेवलो नाही. नुसता विचार करत बसलो की जमिनीच्या पोटातल्या काळ्या तेलात झेंडू कुणी घालून ठेवला असेल.

तुझ्या नाकाच्या जाहिरातीचं काम मी फुकट केलं. शाहूवाडीच्या चहाच्या टपरीवर सांगितलं की गौराक्का दुधाची पिशवी हुंगून म्हैस कधी व्याली ते सांगते. राधानगरीत म्हैस सोडून म्हशीनं काय खाल्लं तिथपर्यंत आलो. ते फिरून तुझ्यापर्यंत आलं. तू मला सगळ्या बायकांसमोर विचारलंस, "म्हशीचं मी कवा सांगितलं रं?"

"सांगितलं न्हाईस, पण तुला कळत असंल की."

"म्हशीचं कळत न्हाय. तिच्या मालकाचं कळतं. पिशवीत पाणी किती घातलंय ते."

शेडमधल्या बायका हसून हसून पोत्यांवर पडल्या. पुढच्या गावाला मी तेही जोडलं.

एकदा तू मला शिरोलीच्या एका फौंड्रीत घेऊन गेलीस. तिथनं थर्माकोलचे तुकडे आणायचे होते. तिथं यंत्राचा एक मोठा भाग लोखंडात ओतायचा होता, आणि त्याच आकाराचं पांढरं थर्माकोल कोरून वाळूत पुरलं होतं. मला वाटलं, आता ते बाहेर काढणार. काढलं नाही. वरनं सरळ तापलेलं, लाल रस्सा उकळावा तसं उकळतं लोखंड ओतलं. एक भपकारा आला, बास. थर्माकोल जागच्या जागी धूर होऊन गेलं, आणि त्याची जागा लोखंडानं घेतली. दुसऱ्या दिवशी आपण मुद्दाम परत गेलो, तर वाळू फोडल्यावर कोपरान् कोपरा तसाच निघाला. तू पदर डोक्यावर घेतलास आणि हात जोडलेस. फौंड्रीतले गडी आपापसात हसले. मी हसलो नाही. हसलो असं नंतर सांगितलं, पण तिथं हसलो नव्हतो.

परत येताना टेम्पोत तू म्हणालीस, "आकार दिला आन् गेलं. मागं राख बी ठेवली न्हाय."

दुसऱ्याच आठवड्यात इचलकरंजीत मागाच्या शेडात उभं राहून तू नायलॉनचं दातेरी चक्र बोटावर फिरवत होतीस. माग असा खडखडत होता की शेजारी तोफ उडाली तरी कळलं नसतं, त्यामुळं तू माझ्या कानाला तोंड लावून ओरडत होतीस. लोखंडाचे दात लोखंडाशी भांडतात, हे चक्र भांडत नाही, तेल मागत नाही, गपगुमान फिरतं. मग तू माझी कॉलर धरलीस. तिथले विणकर बघायला लागले, म्हातारी याला हाणते का काय. तू शर्टाचं कापड दोन बोटांत चोळलंस आणि म्हणालीस, "तुझ्या अंगावर बी बाटल्याच हायत, तम्मा. मी पिंपात बुडवलेल्या." तेव्हापासून पॉलिस्टरचा शर्ट घालताना मला तहान लागते. ही थाप आहे. पण घालताना तुझी आठवण येते, ती नाही.

आपलं एक भांडण मात्र अर्धवट राहिलं. पंचगंगेचं पाणी ओसरल्यावर आपण नदीकाठानं चाललो होतो. झाडांच्या फांद्यांना दोन पुरुष उंचीवर पिशव्या अडकून फडफडत होत्या, मैलभर. मी म्हणालो, "बघ, तुझ्या देवाचं तोरण."

तू पायाशी अडकलेली एक पिशवी उचलून झटकलीस. मग म्हणालीस, "हलकी हाय म्हणून माणूस टाकतो. तांब्याचा तांब्या असता तर टाकला असता?"

"म्हंजे चूक माणसाची, हिची न्हाय."

"हिला मरण न्हाय रं. जिला मरण न्हाय तिला जपून वागवायला पायजे."

"मग मरण नसलेलं करायचंच कशाला माणसानं?"

"उद्या सांगतो," तू म्हणालीस. तुमच्या-आमच्याकडं बायकासुद्धा सांगतोच म्हणतात, आणि सांगतो म्हटलं की सांगतात. हे एकच तू सांगितलं नाहीस. त्या वर्षी मात्र शेड दोन दिवस बंद ठेवून सगळ्या बायकांना बांबू देऊन नदीवर पाठवलंस आणि झाडं मोकळी करवलीस. उत्तर तेच होतं का, मला माहीत नाही. मी अजून वाद सोडलेला नाही.

आता घागरींकडं येतो.

तुझ्या शेडात ओरडाआरडा चालायचा, उशीर चालायचा, माझ्या थापाही चालायच्या. एकच गोष्ट चालायची नाही. शेतातल्या औषधाचे कॅन अख्खे आणायचे. कापायचे नाहीत, ठेचायचे नाहीत, दुसऱ्या मालात घालायचे नाहीत. कारण तू मला सतरा वेळा सांगितलंस, आणि हे सतरा मोजलेले आहेत. दुधाची बरणी एचडी, गोडेतेलाचा कॅन एचडी, आणि उसातलं तण मारायच्या औषधाचा कॅनही एचडी. पिंपात टाक, तिन्ही तरंगतात. जाळ, तिन्हींचा वास मेणाचा. नखानं वाजव, आवाज एक. "एका आईच्या पोटच्या तिघी," तू म्हणायचीस, "एकीच्या पोटात दूध, एकीच्या इख. तोंडावरनंच वळकायचं. तोंडच कापलंस तर कशावरनं वळकू?" म्हणून ते कॅन वेगळ्या ढिगात जायचे आणि तिथनं फक्त विजेच्या तारा घालायच्या नळीसाठी. माणसाच्या तोंडाला लागेल अशा वस्तूत त्यांचा कणसुद्धा जायचा नाही.

ते उन्हाळ्याचे दिवस होते. जमीरचाचांच्या साच्यावर घागरी रात्रंदिवस निघत होत्या. तुझ्या शेडमधला धुतलेला चुरा ते घेत, त्याचा दाणा पाडत आणि त्याच्या घागरी फुगवत. मी त्यांच्यासमोर चहा पिता पिता बोलून गेलो की राधानगरीकडच्या एका गावाचं सगळं प्लास्टिक मी एका खेपेत आणून दाखवतो.

"तुझ्या टेम्पोत तुझ्या बाता मावत न्हाईत," चाचा म्हणाले, "गाव कसं मावंल?"

झालं. एवढ्यावरनं मी पेटलो.

गावात माल बघितला तर दोन खेपांचा. त्यात तीस-एक औषधाचे कॅन. पोकळ कॅन म्हणजे नुसती हवा वाहून न्यायची. मी टेम्पोतला कोयता काढला आणि ऊस तोडावा तसे ते कॅन तोडले. चिठ्ठ्या फाटल्या, तोंडं गेली. तेलाच्या कॅनच्या तुकड्यांत दाबून भरले. एका खेपेत अख्खं गाव कोल्हापुरात आलं. चाचांनी हात जोडले, भजी खायला घातली. मी ती खाल्ली.

तुझ्या शेडात बायकांनी तो माल गार पाण्यात साबण घालून धुतला. मग तो तुझ्यासमोर आला. तू तुकडा उचललास, वाजवलास, हुंगलास. दुसरा उचललास. मी समोर उभा होतो. तू मान वर करून म्हणालीस, "चांगला माल आणलास की रं."

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी मनाशी म्हणालो, धुतलंय की, आता काय राहिलंय त्यात. आणि तंबाखू मळत बाहेर गेलो.

नव्या मालाची पहिली घागर चाचा तुझ्याकडं पाठवायचे. तू तिच्यात कढत पाणी ओतून तासभर झाकून ठेवायचीस, मग झाकण काढून हुंगायचीस, आणि मगच बाकीच्या बाजारात जायच्या. त्या वेळी उन्हाळ्याची घाई होती, पहिली घागर आणि बाकीच्या एकशे साठ एकाच दिवशी बाहेर पडल्या. तू झाकण काढलंस आणि तशीच उभी राहिलीस. मग मला हाक मारलीस. मी हुंगलं. उसाच्या फडात फवारणी झाल्यावर संध्याकाळी येतो, तोच वास होता.

"टेम्पो काढ," तू म्हणालीस. तोंडाचा पट्टा मी चालू केला होता, पण तू ऐकत नव्हतीस.

पेठवडगावच्या बाजारात विकणाऱ्यानं निम्म्या अजून विकल्या नव्हत्या. उरलेल्यांसाठी आपण चार दिवस गावं फिरलो. निळी घागर दिसली की तू उतरायचीस, हिरवी नवी द्यायचीस, निळी घ्यायचीस. लोक म्हणाले, सरकारी योजना आहे काय. शेवटची एका म्हातारीकडं होती आणि ती सोडायला तयार नव्हती.

"मला हीच पायजे. हिरवी माझ्या सुनंला द्या, तिला शोभंल."

"म्हातारे, हिच्यातलं पाणी पिऊ नगंस," तू तिच्या उंबऱ्यावर बसून म्हणालीस. "हिच्यात औषधाचा अंश हाय."

"कुणी घातला?"

"माझी चूक हाय. माल माझ्या हाताखालनं गेला. माझं नाक चुकलं."

म्हातारीनं घागर दिली. वर तुला गूळ-पाणी दिलं. मी टेम्पोत स्टिअरिंग धरून बसलो होतो आणि कोयता माझ्या सीटखाली होता. कुणाला काही झालं नाही, आक्का, एकाही घरातून तसं कानावर आलं नाही. हे मी पुढं कितीतरी दिवस पुन्हा पुन्हा विचारत फिरलो.

परतीच्या वाटेवर मी निपाणीचा भंगारवाला जन्माला घातला. त्याचा एक डोळा निळा होता, करंगळी नव्हती, आणि त्यानं मला फसवून कापलेला माल विकला होता. मी इतकं रंगवून सांगितलं की शेडमधल्या बायका सहा महिने करंगळी नसलेला माणूस शोधत होत्या. तू मात्र एवढंच म्हणालीस, "असंल बाबा. पण माझ्या नाकाखालनं गेलाच की."

दुसऱ्या दिवशी तू तुझ्या जागेवर लेकीला, सुमनला बसवलंस, आणि तू गेटजवळ स्टूल टाकून बसलीस. वजनाच्या चिठ्ठ्या फाडायला. मी म्हणालो, आक्का, एकदा चुकलं तर काय झालं. तू म्हणालीस, "आंधळ्यानं गाडी हाणू नये." मी कुठलीशी गोष्ट सांगितली आणि तू हसलीस. तू प्रत्येक वेळी हसलीस, म्हणून मला दरवेळी न सांगता निघून जाता आलं.

मग दवाखाना. दुपारी भेटायची वेळ होती. तोंडाला मास्क, हाताला सुई, वर सलाईनची पिशवी. मला वाटलं तू झोपलीयस. तू मास्क जरा बाजूला केलास आणि नखानं त्यावर टिचकी मारलीस.

"पीव्हीसी," म्हणालीस. "मऊ केलेलं." मग सिरिंजकडं बोट. "पीपी." मग थेंब पडत होता त्या नळीकडं कितीतरी वेळ बघत राहिलीस. "तम्मा, चपलीचा तळ बी हाच, आन् मला जगवायली ती नळी बी हीच. केवडं मोठं हाय रं हे. आपुन नुसतं भंगार म्हणत बसलो."

तुझा आवाज देवळात बोलावं तसा झाला होता. मग तू हळूच म्हणालीस, "वळखलो ना बरोबर? का चुकलो?"

आक्का, त्या वेळी तू मला विचारलंस. सरळ विचारलंस. दार उघडून आत ये म्हणावं तसं. मी तोंड उघडलं आणि काय सांगितलं तर, या दवाखान्यातले डॉक्टर तुझ्या नाकाचा फोटो काढून परदेशी पाठवणार आहेत. तू हसलीस. मास्कच्या आत वाफ धरली. मी बाहेर पडलो.

काल शेड उघडली. सुमननं तुझ्या फोटोला हार घातला आणि सगळ्यांना सांगितलं की या महिन्यानंतर एचडीचा माल घ्यायचा नाही. दुधाच्या पिशव्या आणि पोती, एवढंच. "आईचं नाक चुकलं तिथं माझं काय," ती म्हणाली. "उद्या कुणाच्या घरात काय जाईल, मला न्हाय झेपायचं."

मी उभा राहिलो आणि सांगितलं. कोयता, तीस कॅन, एक खेप, भजी, सगळं. तंबाखूसुद्धा सांगितली.

सुमननं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "मामा, बास. आई गेली म्हणून तिचं नाव राखायला कायबी रचू नगंस."

"रचत न्हाय गं."

"आन् निपाणीचा?" कांता म्हणाली. ती तुझ्याजवळ सगळ्यांत जुनी. "त्येचा निळा डोळा?"

"तसा कुणी न्हवताच."

"आता ह्येच्यावर इस्वास ठेवायचा का त्येच्यावर?" कांता म्हणाली, आणि बायका हसल्या. वाईट नाही हसल्या. तुझी आठवण काढताना हसतात तसं हसल्या. एक जण डोळे पुसत म्हणाली, आक्का असत्या तर त्यांना लई आवडली असती ही गोष्ट.

आयुष्यात एकदा खरं बोललो, तर ते माझी सगळ्यांत गोड थाप म्हणून खपलं.

मग मी बोलायचं थांबवलं. औषधाच्या ढिगातला एक कॅन आणला, सगळ्यांसमोर कापला. तेलाचा एक कॅन कापला. तेलाच्या तुकड्यांना मागनं सुईनं भोक पाडलं, म्हणजे मागाहून ओळखता येतील. हातमोजे घालून दोन्ही साबणाच्या गार पाण्यात धुतले, तुझ्या शेडात धुतात तसे, आणि परातीत ठेवले. सांगा म्हटलं, औषधाचे कुठले. कांतानं हुंगलं, वाजवलं. सुमननं हुंगलं. दोघींनी चुकीचे उचलले. दुसऱ्यांदाही चुकीचे. मग दोन पातेल्यांत वेगवेगळे घालून वरनं कढत पाणी ओतलं आणि झाकण ठेवलं. तासभर मी बाहेर हायवेवरचे ट्रक मोजत बसलो.

सुमननं पहिलं झाकण काढलं, काही नाही. दुसरं काढलं आणि मान मागं घेतली.

तिनं झाकण परत ठेवलं. ते नीट बसलंय का बघितलं. कांता उठून दुसरीकडं जाऊन उभी राहिली.

गार पाण्यात ते कुणालाच कळलं नसतं, आक्का. देवाला कळलं नसतं. गरम पाण्यात पहिल्यांदा कळलं ते तुलाच. तुझं नाक जसं होतं तसंच होतं, आणि ते तुला सांगू शकणारा माणूस रोज तुझ्या गेटातून आत येत होता, तुझ्या हातून चिठ्ठी घेत होता.

सुमननं हात पदराला पुसले. मग तिनं विचारलं, "मामा, आई गेटवर किती दिवस बसली?"

तिला माहीत होतं. रोज सकाळी तीच स्टूल टाकायची. तिला ते माझ्या तोंडून पाहिजे होतं.

"चौदा महिने," मी म्हणालो.

चौदा महिने, आक्का. यात मी एकही दिवस वाढवलेला नाही.